पाना सीटवर

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार तू मागेच रद्द करून टाकलास, म्हणून नुसता नमस्कार. माझं पत्र पाहून तू आधी घाबरशील, म्हणून सुरुवातीलाच सांगते, घरी सगळे ठीक आहेत. आईचं मनगट थंडीत दुखतं, तेवढंच. बाबा नेहमीसारखे.

काम असं आहे. बाबांची गाडी गेल्या महिन्यापासून मी चालवते. नऊ वर्षांपूर्वी उतारावर ब्रेक गेले, गाडी भिंतीवर गेली, आईचं मनगट मोडलं आणि त्यानंतर बाबा पुन्हा स्टिअरिंगला बसले नाहीत. वर्षातून एकदा सर्व्हिस सेंटरचा माणूस यायचा, गाडी घेऊन जायचा, परत आणून लावायचा आणि बाबा तिच्यावर आवरण घालायचे. यंदा मीच घेऊन गेले. तिथे आपल्याला काचेपलीकडे बसवतात, चहा देतात आणि दोन तासांनी किल्ली हातात ठेवतात. इंजिन ऑइल बदललं म्हणाले. घरी येऊन मी बोनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी बाहेर काढून पाहिली, तर तेल डांबरासारखं काळं. भांडायचा कंटाळा आला. आता माझं मीच बदलणार आहे.

आम्ही चौथ्या मजल्यावर, गाडी खाली बेसमेंटमध्ये, खांब क्रमांक चौदाजवळ. अंगण नाही, खड्डा नाही, नळ नाही. दिवा आहे, पण तो हालचाल दिसली तरच लागतो, म्हणजे गाडीखाली शांत पडून राहिलं की अंधार. अशा जागी हे काम होतं का, आणि होत असेल तर कसं, ते सविस्तर लिही. सुट्टीत तुझ्या गॅरेजात नट निवडत बसायचे, त्यातलं काहीतरी हातात उरलं असेल.

फोन का नाही? एक तर तुला फोनवर ऐकू येत नाही, तू नुसता ‘बरं बरं’ म्हणतोस. शिवाय बेसमेंटमध्ये रेंज नाही, आणि कागद चाकाशेजारी पसरून ठेवता येतो. आणखी एक कारण तुला माहीत आहे. घरात तुझं नाव निघालं की बाबा उठून गॅलरीत जातात. ब्रेकचं काम तू महिनाभर आधीच केलं होतंस आणि बाबांनी त्यानंतर तुला उंबरा ओलांडू दिला नाही, हे मला ठाऊक आहे. त्यावर मी काही विचारत नाहीये. मला फक्त ऑइल बदलायचं आहे. उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठव.

तुझी
वायसर


११ फेब्रुवारी

चि. वायसर,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं, त्यातलं एकदा चष्मा लावून. हे नाव तू अजून वापरतेस याचं नवल वाटलं. नट आणि बोल्ट एकमेकांना चावू नयेत म्हणून मध्ये बसते ती वायसर, असं मी तेव्हा ताईला सांगितलं होतं. खरं कारण, तू चपटी आणि गोल होतीस.

काम होतं. जागेला पाहून होत नाही, माणसाला पाहून होतं. आता नीट वाच.

गाडी दहा मिनिटं फिरवून आण. तेल कोमट हवं, म्हणजे गाळासकट उतरतं. जमिनीवर मोठं खोकं फाडून पसर, त्यावर पसरट घमेलं ठेव. जॅकने गाडी उचल, पण जॅकच्या भरवशावर खाली सरकू नकोस. घोड्या मिळतात, लोखंडी तिवयांसारख्या, त्या दोन्ही बाजूंना लाव आणि गाडीला खांद्याने धक्का देऊन बघ. हलली तर पुन्हा लाव. मागच्या चाकांना दगड. दगड नसेल तर वीट. तुमच्याकडे वीटही नसेल, तर जाडजूड पुस्तक चालणार नाही, हे आधीच सांगतो, तू तुझ्या बाबांची मुलगी आहेस.

तळाचा नट पान्याने सैल कर, शेवटचे दोन आटे हाताने, आत दाबून धरत. हात पटकन बाजूला घ्यायचा, नाहीतर तेल कोपरापर्यंत येतं. नवा फिल्टर बसवताना त्याच्या रबरावर बोटाने तेल फिरव आणि नुसत्या हाताने आवळ. पान्याने आवळशील तर पुढच्या वेळी छिन्नी लागेल. जुनं तेल डब्यात भरून गॅरेजवाल्याला दे. मोरीत ओतलंस तर माझी भाची म्हणून सांगू नकोस.

आणि एक नियम. काम अर्धं टाकून उठावं लागलं, फोन असो, तहान असो, तर पाना ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायचा. मग कुणीही बसायला आलं तरी आधी पाना उचलावा लागतो आणि विचारावं लागतं. माझ्या गॅरेजात हा नियम मोडला म्हणून मी दोघांना घरी पाठवलं होतं. एक दिवस मी स्वतःच मोडला होता, तेव्हा मीही लवकर घरी गेलो.

ताईला मनगटाला गरम कपड्याचा शेक द्यायला सांग. माझं नाव घेऊ नकोस.

मामा


२३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

झालं! चार तास लागले. त्यातला एक तास तळाचा नट शोधण्यात गेला. सापडला तेव्हा तो मी ज्या नटाला आधी शिव्या देत होते त्याच्या शेजारी होता. तेल कोपरापर्यंत आलं. तू लिहिलं होतंस, तरी आलं.

मधल्या वेळेत सेक्रेटरी खाली आले. आमच्या सोसायटीच्या नियमावलीत ‘पार्किंगमध्ये दुरुस्ती, धुणे व तत्सम प्रकार करू नयेत’ असं एक कलम आहे आणि हे गृहस्थ ‘तत्सम’ या शब्दावर जगतात. माझे पाय तेवढे गाडीखालून बाहेर होते. त्यांनी पायांना विचारलं, काय चाललंय. पायांनी सांगितलं, पडलेलं कानातलं शोधतेय. ते खोक्यावर उकिडवे बसून माझ्याबरोबर दहा मिनिटं कानातलं शोधत होते. मग घमेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी लेखी समज आली, त्याची प्रत नोटीस बोर्डावर. आठवडाभरात त्यांच्याच गाडीची बॅटरी उतरली आणि त्यांनी कुणाचं दार वाजवलं, हे तुला सांगायला नकोच. वायरी लावून दिल्या. नोटीस अजून बोर्डावर आहे, पण तिच्यावर पाणी बंद असल्याची सूचना लावली आहे.

तुझा नियम पाळला. तहान लागली म्हणून वर गेले, तेव्हा पाना सीटवर ठेवून गेले. खाली आले तर बाबा गाडीपाशी उभे. छत्री गाडीत राहिली होती, ती घ्यायला आले होते म्हणे. दार उघडलेलं, छत्री हातात आणि पाना जिथल्या तिथे. मला वाटलं, आता उलटतपासणी. पण नुसतं घोड्यांकडे पाहिलं, गाडीला खांद्याने जरासा धक्का दिला आणि वर निघून गेले.

संध्याकाळी पाहते तर माझ्या चपलांशेजारी त्यांची गाडीच्या सामानाची लाकडी पेटी. तुला आठवत असेल, आतली प्रत्येक बाटली नि प्रत्येक डबी नावानिशी. ती गेली नऊ वर्षं माळ्यावर होती. त्यांनी स्टूल लावून स्वतः काढली असणार. ‘हे वापर’ असंही म्हणाले नाहीत. मी इंटरनेटवर बघून शिकते, असं त्यांना वाटतंय. तुझा संशय आलेला दिसत नाही, काळजी करू नकोस.

आता पुढचं काम सांग.

वायसर


२ मार्च

चि. वायसर,

तुझ्या बाबांना कळलं आहे. सीटवरचा पाना त्यांनी माझ्याशिवाय कुणाच्या गाडीत पाहिलेला नाही, आणि धक्का देऊन बघायलाही मीच शिकवलं होतं. तरीही त्यांनी पेटी काढून दिली. दोन दिवस तोच विचार करत होतो. गॅरेज बंद करून चार वर्षं झाली, विचाराला वेळ भरपूर असतो.

पुढचं काम. हवेचा फिल्टर काढ, उन्हाकडे धरून बघ, पलीकडचं दिसलं नाही तर बदल. टायरची हवा गाडी थंड असताना तपास. बोनेटखाली उजव्या कोपऱ्यात ब्रेक ऑइलची पांढरी टाकी आहे, तिच्यावर दोन रेघा असतात. तेल दोन्हींच्या मध्ये हवं. खाली गेलेलं दिसलं तर भरू नकोस, आधी मला लिही. पॅड झिजले की पातळी आपसूक उतरते, तेव्हा भरायचं नसतं, बघायचं असतं. ब्रेकला माझ्याशिवाय हात लावायचा नाही. म्हणजे मला विचारल्याशिवाय.

मामा


९ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र परवा मिळालं. थोडा उशीर झाला, कारण ब्रेक ऑइल मी त्याआधीच भरून बसले होते. रागावू नकोस, फार नाही, दोन बोटं. खालच्या रेघेच्याही खाली होतं. बाबांच्या पेटीतच बाटली मिळाली, अर्धी भरलेली, बूच घट्ट, आणि ब्रेक ऑइलचं छापील लेबल अगदी शाबूत. बाबांच्या वस्तू अशाच असतात.

बाकी हवा, फिल्टर सगळं केलं. गाडी मात्र दोन-तीन दिवस जड वाटते. पाय ब्रेकवरून काढला तरी कुणीतरी मागून पदर धरल्यासारखी. काल उतरल्यावर पुढच्या चाकाला हात लावला तर चटका बसला. मला आधी हँडब्रेक राहिला असं वाटलं, पण नव्हता. नवशिक्या माणसाला आपल्या गाडीत रोज एक नवा आजार दिसतो म्हणतात, त्यातलंच असेल.

आता खरी बातमी. येत्या रविवारी, सोळा तारखेला, मी आईला घेऊन तुझ्याकडे येते आहे. घाट उतरून तीन तास. बाबांना मैत्रिणीकडे जातोय असं सांगणार आहोत. आईने तुला नऊ वर्षांत फक्त लग्नकार्यात, तेही लांबून पाहिलं आहे. तिने कपड्यांची पिशवी आत्ताच भरून ठेवली आणि तीन वेळा पुन्हा रिकामी केली. त्या गाडीत ती त्या दिवसानंतर बसलेली नाही. मी चालवणार म्हणून बसते म्हणाली.

वायसर


१३ मार्च

चि. वायसर,

काल दुपारी पत्र मिळालं आणि लगेच तुझ्या ऑफिसात फोन केला. कुणी बाई होत्या. त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, म्हणून मीच तीन वेळा ओरडून निरोप सांगितला. तो पोचला असेल असं धरून हे लिहितो. पोचला नसेल तर इथेच थांब आणि गाडीची किल्ली ताईच्या हातात दे.

गाडी हलवायची नाही. रविवारी नाही, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही नाही.

एका पेल्यात पाणी घे. त्या बाटलीतलं चार थेंब त्यात टाक. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. वर तरंगलं तर ते ब्रेक ऑइल नाही. ते तरंगेल. ते स्टिअरिंगचं तेल आहे. मी भरलेलं.

त्या वर्षी भावोजींच्या गाडीचं स्टिअरिंग वळताना कण्हायचं. ब्रेकचे पॅड बदलून झाल्यावर मी त्यांना थोडं तेल बरोबर दिलं, वरचेवर घालायला. रिकामी बाटली एकच होती, ब्रेक ऑइलची. गॅरेजात आम्ही असंच करायचो, कुठल्या बाटलीत काय आहे ते हाताला माहीत असतं. हात धुता धुता त्यांना सांगितलं, की यात स्टिअरिंगचं आहे. पण भावोजी लेबल वाचणारे गृहस्थ. महिन्याभराने ब्रेकची पातळी उतरलेली दिसली असेल, त्यांनी ती भरली असेल. त्या तेलाने ब्रेकमधलं रबर फुगतं. आधी ब्रेक धरून ठेवतात, चाकं तापतात, आणि मग एका उतारावर पाय खालपर्यंत जातो आणि हाती काहीच लागत नाही. तुझ्या पत्रात पदर आणि चटका वाचला आणि मला पुढचं सगळं पाठ होतं.

अपघातानंतर गाडी मीच उघडली. सगळी रबरं भिजलेल्या वाटाण्यासारखी टम्म फुगलेली. दहा मिनिटांत कळलं. मी सगळं बदललं, नवं तेल भरलं, गाडी फाटकाशी नेऊन लावली. भावोजी बाहेर आले, काय झालं होतं म्हणून विचारलं. चूक त्यांची म्हणावी तर बाटली माझी. माझी म्हणावी तर ताई आत प्लॅस्टर घालून पडलेली आणि टोपण उघडणारा हात त्यांचा, हे त्यांना त्याच दिवशी कळलं असतं. मी म्हटलं, माझी जोडणी ढिली राहिली. ते वाक्य छोटं होतं, म्हणून तेच म्हटलं. बाटलीचं विचारायचं मनात होतं, पण विचारलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. फेकली असेल असं धरून चाललो. त्या धरून चालण्याची मला आज लाज वाटते. रविवारी तुम्ही दोघी त्या गाडीने घाटात असणार होतात.

आणखी एक गोष्ट. मी त्यांना सांगितलं होतं असं वर लिहिलंय. नऊ वर्षं मला तसंच वाटतंय. पण इतक्या वेळा आठवून आठवून आता माझीच खात्री राहिलेली नाही. कदाचित सांगायचं ठरवलं असेल आणि सांगितलं नसेल.

बाटली फेकून दे. त्यांना काही बोलू नकोस. ताईला म्हणावं, मी चांगला आहे.

मामा


१७ मार्च

प्रिय मामा,

निरोप पोचला होता. माझ्या टेबलावर चिठ्ठी होती, ‘एका आजोबांचा फोन. पाना सीटवर ठेवा. तीनदा सांगितले.’ ऑफिसात अजून त्यावर चर्चा चालू आहे. मी खाली जाऊन पाना सीटवर ठेवला. गाडी तेव्हापासून हललेली नाही, आणि आता ती हलवायची म्हटली तरी ब्रेक चाकं सोडत नाहीत.

पत्र शनिवारी हातात पडलं. ते वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले. घरी येऊन ओट्यावर पेला ठेवला, चार थेंब टाकले. तरंगले. गोल गोल, पिवळट, एकमेकांना चिकटून. तेवढ्यात बाबा पाणी प्यायला आले.

बाटली फेक म्हणाला होतास. ते जमलं नाही, मामा. बाटली ओट्यावर होती, लेबल त्यांच्याकडे. त्यांनी पेला उचलला, खिडकीशी नेला, बराच वेळ पाहिला. मग चपला घालून बाहेर गेले आणि अर्ध्या तासाने ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली घेऊन आले. दुसरा पेला घेतला, पाणी भरलं, चार थेंब टाकले. विरघळले. दोन्ही पेले शेजारी शेजारी ठेवून त्यांनी मला विचारलं, “हे त्याला तेव्हाच माहीत होतं?”

मी हो म्हटलं. आणि तुझं पत्र पर्समधून काढून त्यांना दिलं. तुला न विचारता दिलं, त्याबद्दल हवं तितकं रागाव. त्यांनी ते उभ्यानेच दोनदा वाचलं, होत्या त्याच घड्या पाडल्या आणि मला परत दिलं. आईला त्यांनीच सांगितलं, आतल्या खोलीत. दार उघडं होतं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मनगट माझं होतं. नऊ वर्षांत तुम्हा दोघांनाही मला काही विचारावंसं वाटलं नाही.” मग ती भरलेली पिशवी रिकामी करायला बसली. ह्या वेळी ती कपडे इतक्या जोरात घड्या घालून ठेवत होती की मी मदतीला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी जुन्या बाटलीवर आपल्या हस्ताक्षरात नवी चिठ्ठी चिकटवली. ‘स्टिअरिंगचे तेल. ब्रेकमध्ये घालू नये.’ आणि तारीख नऊ वर्षांपूर्वीची टाकली. कालपासून ते टेबलाशी बसून काहीतरी लिहितायत आणि फाडतायत.

गाडीचं काय करायचं ते कळत नाही. ओढून न्यायची गाडी बेसमेंटमध्ये शिरत नाही, छत बुटकं आहे. आणि एवढं मोठं काम नुसतं पत्र वाचून माझ्याने होणार नाही.

वायसर


२२ मार्च

मायना काय लिहावा हे न कळल्यामुळे सोडून दिला आहे.

तुझं पत्र वाचलं. ते मला लिहिलेलं नव्हतं, तरी वाचलं. त्यातल्या एका गोष्टीचं उत्तर माझ्याकडेच आहे, म्हणून लिहितो. तू सांगितलं होतंस. तू मोरीत हात धूत होतास, नळ मोठा सोडलेला होता आणि पाठमोरा तू बाटलीबद्दल काहीतरी म्हणालास. मी पुन्हा विचारलं नाही, कारण बाटलीवर छापलेलं होतं. तेव्हा ह्या बाबतीत आठवण्याचं काम तू आता थांबवावंस.

दुसरं. अपघाताच्या आठवड्यात ब्रेकची पातळी मी भरली होती, हे मी कुणालाच सांगितलं नाही. तू फाटकाशी ‘जोडणी ढिली राहिली’ म्हणालास तेव्हा मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला इतकं लागलं की पुढे तुझं तोंड बघणं नको झालं. पेटी मी त्याच दिवशी माळ्यावर टाकली. तीच मुलीच्या हाती दिली, पुन्हा न तपासता. यावर मी आणखी काही लिहू शकत नाही, पाच कागद फाडले आहेत.

सोबत सोसायटीच्या परवानगीची प्रत जोडली आहे. मी रीतसर अर्ज केला होता. शनिवार आणि रविवार, सकाळी नऊ ते सहा, खांब क्रमांक चौदा, ब्रेकची संपूर्ण दुरुस्ती. ‘दुरुस्ती करणाऱ्याचे नाते’ या रकान्यात मी ‘मेहुणा’ असं लिहिलं आहे. सेक्रेटरींनी ‘तत्सम प्रकार होणार नाहीत’ अशी हमी मागितली, ती दिली. लागणाऱ्या रबरांची यादी मुलीला पाठव, ती आणून ठेवील. दिवा हालचाल दिसली तरच लागतो, म्हणून मी शेजारी खुर्ची टाकून बसेन आणि अधूनमधून हात हलवीन.

तुझी ताई कुणाशीच धड बोलत नाही. तू जेवायला आहेस एवढं मात्र तिने दोनदा विचारून पक्कं केलं.

फाटकावर विचारलं तर चौथा मजला सांग. आधी खाली गेलास तरी चालेल. पाना सीटवर आहे. मुलीने ठेवलेला मी उचलला होता, आणि परत मीच ठेवला आहे.